लालबर्राचं बुलेट आणि अण्णांचा ‘उसिरु’

कोल्हापूरला महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसायचं आणि गाडी जिथं संपते तिथं उतरायचं, एवढंच आम्ही घरात ठरवलं होतं. ही गाडी मिरज, पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, वर्धा, नागपूर असा अख्ख्या महाराष्ट्राला तिरका छेद देत गोंदियाला जाते. तेराशे किलोमीटरच्या वर प्रवास आणि राज्य मात्र एकच. कृष्णाकाठचा ऊस मागे पडतो, वऱ्हाडचा कापूस येतो, तोही संपतो आणि भंडाऱ्याच्या पुढं दोन्ही बाजूंना भाताची खाचरं सुरू होतात. डब्यातली मराठीही तशीच बदलत जाते. मिरजेला ‘काय करालाय’ म्हणणारा शेजारी उतरतो आणि नागपुरात ‘काय करून राहिले’ म्हणणारा त्याच जागेवर येऊन बसतो.

गोंदियाहून पुढचा टप्पा बालाघाटचा. रावणवाडी मागं पडली की बाघ नदी लागते. नदीच्या अलीकडं महाराष्ट्र, पलीकडं मध्यप्रदेश. आपल्या सीमाभागातल्या माणसाला अशी नदी लगेच ओळखीची वाटते. पाट्यांची भाषा बदलते, एस.टी.चा रंग बदलतो, पण बांधावरची माणसं तीच राहतात. १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख आपल्याकडं कुणाला समजावून सांगावी लागत नाही. त्याच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. मात्र त्याच दिवशी इकडंही एक रेघ ओढली गेली, हे आपल्या फारसं लक्षात नसतं. तोवर मध्यप्रदेशची राजधानी नागपूर होती. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि बालाघाट मध्यप्रदेशातच राहिलं. वैनगंगेच्या काठच्या पोवारांची बोली ऐकली की ही रेघ पाण्यावर ओढल्यासारखी वाटते. ‘आहे’ला ते ‘से’ म्हणतात. पहिली पाच मिनिटं कान गोंधळतो, सहाव्या मिनिटाला मराठी आणि हिंदी एका ताटात जेवायला बसल्यासारख्या वाटू लागतात.

लालबर्रा हे तालुक्याचं गाव. बालाघाटहून शिवनीकडं, म्हणजे तिकडच्या भाषेत सिवनीकडं, जाणाऱ्या रस्त्यावर वैनगंगेचा पूल ओलांडून पुढं गेलं की ते लागतं. त्याच रस्त्यानं आणखी पुढं बरघाट आणि मग सिवनी. किपलिंगनं मोगलीच्या गोष्टी १८९४ साली पुस्तकात आणल्या, त्यांतला मुलूख हाच. बालाघाट जिल्ह्याची कीर्ती मात्र तांदळाची. इथल्या चिन्नौर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आम्ही पोचलो तेव्हा मळणी संपत आली होती आणि रस्त्यावर पेंढ्याचा वास भरून राहिला होता. पूर्वी गोंदियाहून बालाघाटमार्गे जबलपूरला छोटी लाईन जायची. बालाघाटच्या पुढचा तिचा भाग २०१५ पर्यंत धावत होता. आता सगळीकडं मोठे रूळ आहेत. छोट्या लाईनीची आठवण काढली की इकडची म्हातारी माणसं आपल्याकडच्या मिरज–पंढरपूरच्या बार्शी लाईटची आठवण काढणाऱ्यांसारखीच हळवी होतात.

आम्ही म्हणजे मी आणि माझे आतेभाऊ. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. बेळगावच्या उद्यमबागेत त्यांनी पस्तीस वर्षं इंजिनांचं काम केलं. त्यांच्या सुनेचं माहेर लालबर्रा. मुलगा पुण्याला नोकरीला होता, तिथं दोघांचं जमलं आणि वैनगंगेची मुलगी मार्कंडेयच्या काठी आली. घरात ती अण्णांशी मराठी, नवऱ्याशी हिंदी आणि दारात येणाऱ्या भाजीवाल्या आक्कांशी मोडकी कन्नड बोलते. ‘मामा, माझ्या आजीला भेटून या’ असं ती लग्नापासून म्हणत होती. तीन वर्षांनी योग आला. निघताना अण्णांनी पिशवीत पेढ्यांबरोबर एक स्क्रू-ड्रायव्हर, दोन पाने आणि हातभर रबरी नळी टाकली. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, ‘व्याह्यांकडं जुनं बुलेट हाय म्हणं.’

ते बुलेट अंगणातल्या गोठ्याच्या कडेला पोत्याखाली उभं होतं. १९७४ सालचं, साडेतीनशे सीसीचं, उजव्या पायाला गिअर असलेलं. सुनेच्या आजोबांनी घेतलेलं. आजोबा गेले त्याला सहा वर्षं झाली. त्यानंतर व्याह्यांनी ते चालू ठेवायचा प्रयत्न केला, पण गाडी तेल गळायला लागली. आधी थोडं, मग जिथून तिथून. वरच्या झाकणातून, टॅपेटच्या झाकणातून, किकच्या दांड्यापाशी, चेनच्या बाजूला. दोन वर्षांत तीन मिस्त्र्यांनी इंजिन उघडलं. गॅस्केट बदलली, सील बदलले, एकानं सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन घातला. अठरा-वीस हजार गेले. प्रत्येक वेळी महिनाभर बरं चालायचं आणि पुन्हा अंगणात काळं थारोळं. शेवटी व्याही म्हणाले, पुरे. भंगारवाल्याशी वजनावर सौदा झाला होता आणि तो दोन दिवसांनी यायचा होता. आजी यावर काही बोलत नव्हत्या. त्या रोज सकाळी अंगण झाडताना त्या गाडीभोवती वळसा घालून झाडायच्या, एवढं मी पाहिलं.

अण्णांनी जेवणाआधी पोतं काढलं. गाडीभोवती दोन चकरा मारल्या, उकिडवे बसले, इंजिनाच्या बाजूला बोट घातलं आणि हसले. ‘बघ की हे,’ मला म्हणाले. क्रँककेसमधून एक आखूड तोंड बाहेर आलेलं होतं. तिथं नळी असायला हवी होती. नळी नव्हती. त्या तोंडात कुणीतरी एक बोल्ट आटे पाडून घट्ट बसवला होता, वरून एम-सील. अण्णा कन्नडमध्ये पुटपुटले, ‘उसिरु कट्टैति.’ श्वास कोंडलाय.

व्याह्यांना हा शब्द समजेना. मी मराठीत सांगितलं, मग त्यांनी स्वतःच हिंदीत म्हटलं, ‘मतलब सांस रुक गयी?’ तीन भाषांत एकच गोष्ट सांगून झाली आणि मग अण्णांनी ती चौथ्या, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेत समजावली. मी एम. ए. झालेला माणूस, इंजिनाशी माझा संबंध पेट्रोल भरण्यापुरता. पण ती समजावणी इतकी स्वच्छ होती की घरी आल्यावर वर्गातही सांगून झाली.

पिस्टनच्या वर स्फोट होतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पिस्टनच्या खाली काय होतं याचा कुणी विचार करत नाही. बुलेटचा पिस्टन सत्तर मिलिमीटर व्यासाचा आणि त्याची धाव नव्वद मिलिमीटर. म्हणजे तो खाली येताना ३४६ घनसेंटीमीटर हवा खालच्या पेटीत, क्रँककेसमध्ये, दाबतो. वर जाताना तेवढीच ओढतो. मिनिटाला तीन हजार फेरे म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा. गुणाकार करा, सेकंदाला सतरा लिटर हवा आत-बाहेर. पाण्याची मोठी कळशी भरेल एवढी. त्यात भर म्हणून पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून स्फोटाचा थोडा वायू खाली उतरतोच, नव्या इंजिनात थोडा, जुन्यात जास्त. एवढ्या हवेला वाट दिली नाही तर ती स्वतः वाट काढते आणि जाताना तेल घेऊन जाते. ‘सील काय करणार? चांगला सील बिचारा. आतून पंप लावल्यागत दाब येतोय,’ अण्णा म्हणाले.

म्हणून त्या तोंडावर मुळात एक रबरी तुकडा असतो, बदकाच्या चोचीसारखा चपटा. पिस्टन खाली आला की चोच उघडते, हवा बाहेर जाते. पिस्टन वर गेला की चोच मिटते, बाहेरची हवा आत येत नाही. असं होता होता क्रँककेसमध्ये किंचित पोकळी राहते, आणि मग सांध्यातून तेल बाहेर ढकललं जाण्याऐवजी आतच धरून ठेवलं जातं. चार पैशाचा तुकडा, पण सगळ्या गॅस्केटांपेक्षा जास्त काम तो करतो.

मग बोल्ट का मारला? त्यालाही कारण होतं, आणि ते ऐकल्यावर मला त्या अनामिक मिस्त्रीचा राग येईना. या जुन्या बुलेटमध्ये तेलाची टाकी वेगळी नसते. क्रँककेसच्याच ओतकामात मागच्या बाजूला एक कप्पा असतो, तीच टाकी. एक पंप तिथून तेल इंजिनाला देतो, दुसरा पंप खाली साठलेलं तेल उचलून परत टाकीत आणतो. गाडी आठवडा-पंधरा दिवस उभी राहिली की टाकीतलं तेल हळूहळू पंपाच्या फटीतून क्रँककेसमध्ये झिरपतं. मग किक मारली की ते सगळं तेल घुसळलं जातं आणि ब्रीदरच्या नळीतून भसकन बाहेर येतं. आजोबा गेल्यावर गाडी उभीच असायची. कधीतरी काढली की नळीतून तेल. मालक म्हणतो, मिस्त्री, इथून तेल येतंय, बंद करा. मिस्त्रीनं बंद केलं. मालकानं मागितलं ते मिळालं.

चहा पिता पिता अण्णांनी एक जुनी गोष्ट काढली. विशीत ते दोन वर्षं मुंबईला एका गॅरेजमध्ये होते. तिथं एका शेठजींची जर्मन स्पोर्ट्स कार यायची, पोर्शे ९११. ही गाडी १९६४ पासून बनते. तिच्या जुन्या मॉडेलांचं सहा सिलिंडरचं इंजिन हवेवर थंड होणारं आणि मागच्या बाजूला बसवलेलं, त्याला तेल नऊ-दहा लिटर लागायचं. एवढं तेल इंजिनाखाली ठेवायला जागा नाही, आणि वळणावर जोरात गेलं की ते एका बाजूला पळतं. म्हणून तेलाची टाकी स्वतंत्र, उजव्या मागच्या चाकापाशी. ‘तेव्हा मला कळलं की इंजिनानं श्वास घ्यावा लागतो तसा टाकीनंही घ्यावा लागतो,’ अण्णा म्हणाले. तेल परत आणणारा पंप देणाऱ्या पंपापेक्षा मुद्दाम मोठा ठेवतात, क्रँककेसमध्ये तेल साठू नये म्हणून. मोठा पंप नुसतं तेल कसं आणेल? तो हवाही आणतो. टाकीत फेसाळलेलं तेल येऊन पडतं, तेल खाली बसतं आणि हवा वर जमते. ती हवा गेली नाही तर टाकी फुगेल, नाहीतर झाकणातून तेल उडेल.

त्या गाडीत मार्ग असा होता. इंजिनाच्या माथ्यावरून एक जाड नळी टाकीत. टाकीच्या गळ्यापासून दुसरी नळी हवेच्या फिल्टरच्या पेटीत. इंजिनातली वाफ आधी टाकीत येते, तिच्यातलं तेल तिथं गळून पडतं, उरलेली वाफ फिल्टरवाटे पुन्हा इंजिनात जाऊन जळते. शेठजींचा ड्रायव्हर हौसेनं तेल काठोकाठ भरायचा, मग टाकीत हवेला जागा उरायची नाही, तेल दुसऱ्या नळीतून थेट फिल्टरमध्ये आणि गाडीमागं धुराचा लोट. गाडी बिघडली म्हणून गॅरेजमध्ये यायची आणि अण्णा दीड लिटर तेल काढून घेऊन ती परत पाठवायचे. ही गाडी बनवणाऱ्यांनी १९७२ च्या मॉडेलात टाकी मागच्या चाकाच्या पुढं आणली आणि तेल भरायला बाहेरून वेगळं झाकण दिलं. पंपावरची पोरं ते पेट्रोलचं झाकण समजून त्यात पेट्रोल ओतायची, असं सांगतात. पुढच्या वर्षी ते झाकण गेलं.

गंमत म्हणजे अण्णांच्या मते ती लाखमोलाची गाडी श्वासाच्या बाबतीत आपल्या बुलेटपेक्षा सोपी. सहा पिस्टनांपैकी काही आत येत असतात तेव्हा काही बाहेर जात असतात, त्यामुळं क्रँककेसमधली एकूण जागा फारशी बदलत नाही. रिंगांतून उतरलेला वायू तेवढा बाहेर काढला की झालं. बुलेटचा मात्र एकटा जीव, भात्यासारखा धापा टाकणारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला सुरुवात झाली. लालबर्राची थंडी कडक, शेतांवर धुकं. अण्णांनी तेल भरायचं झाकण उघडलं, आतल्या बाजूला पिवळट-पांढरा लगदा चिकटलेला. ताकावर येणाऱ्या लोण्यासारखा. सुनेचा धाकटा भाऊ म्हणाला, ‘पाणी कुठून गेलं? आम्ही तर गाडी धूतच नाही.’ हे पाणी बाहेरचं नसतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक धुराड्यातून जातं, थोडं रिंगांतून खाली उतरतं. इंजिन नीट तापलं आणि श्वास मोकळा असला तर वाफ निघून जाते. गाडी किराणा दुकानापर्यंतच नेली आणि नळी बंद, तर वाफ आतच थंड होते, तेलात मिसळते, लोणी होतं. पुढं त्यात आम्लं तयार होतात आणि बेअरिंग खातात.

बोल्ट काढताना आटे जपायला तासभर गेला. क्रँककेसमध्ये झिरपलेलं तेल खालच्या नटातून काढलं, ते वाटीभर नव्हे, तांब्याभर निघालं. चोचीचा रबरी तुकडा बालाघाटच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळाला. या गाडीची जुळणी मद्राशी १९५५ साली सुरू झाली, त्याचा हा एक फायदा. सुट्या भागांसाठी कुठल्याही जिल्ह्याच्या गावी हात हलवत परतावं लागत नाही.

खरी चर्चा नळीच्या वाटेवर झाली. व्याही म्हणाले, सरळ खाली सोडा, रस्त्यावर पडेल. अण्णांनी मान हलवली. खाली सोडली तर तेल मागच्या टायरवर येतं आणि वळणावर माणूस पडतो. चेनवर सोडतात तेही त्यांना पसंत नव्हतं. मुलगा म्हणाला, मग पोर्शेसारखी फिल्टरमध्ये जोडूया. अण्णा म्हणाले, हे इंजिन म्हातारं आणि धापा टाकणारं, त्याचं तेल कार्ब्युरेटरमध्ये गेलं तर प्लग काळा करेल. शेवटी नळी इंजिनामागून चढती नेली, म्हणजे त्यातलं तेल परत आतच ओघळेल. मध्ये कुठंही झोळ पडू दिला नाही, कारण झोळात पाणी साठतं आणि थंडीत तिथंच लोणी जमून नळी बुजते. किकच्या वाटेतून दूर, धुराड्यापासून वीतभर लांब. शेवट सीटखाली, एका छोट्या पत्र्याच्या डब्यात. डब्यात थोडी तारेची घासणी घातली, वाफेतलं तेल तिला चिकटावं म्हणून. व्याह्यांनी हौसेनं डब्याचं झाकण गच्च पिळलं तेव्हा मात्र अण्णा जवळजवळ ओरडलेच, ‘अहो व्याहीबुवा, पुन्हा बोल्ट मारला की तुम्ही!’ झाकणाला वर बारीक भोक हवं. डब्यालाही श्वास हवा.

हे सगळं निर्मळ आहे असं मी म्हणणार नाही. तेल डब्यात राहतं, पण वाफ भोकातून हवेत जातेच. जुन्या गाड्या जगभर हेच करत. कॅलिफोर्नियात धुरक्यानं लोकांचे डोळे चुरचुरायला लागले तेव्हा क्रँककेसची वाफ पुन्हा इंजिनात जाळायची सक्ती झाली. आपल्याकडच्या आजच्या गाड्यांत ती बाहेर सोडताच येत नाही. आठवड्यातून एकदा बरघाटपर्यंत जाणाऱ्या एका म्हाताऱ्या बुलेटला मी तेवढी सूट देईन. शहरात रोज पन्नास किलोमीटर पळवायची तर देणार नाही.

तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. आधी निळा धूर, अंगणभर. पाच मिनिटांनी तो विरळ झाला. ठोके खाली बसले, ते नेहमीचे, मोजता येतील असे. अण्णांनी नळीचं टोक सुनेच्या भावाच्या तळहातावर धरलं. पिस्टनच्या तालावर हवेचे बारीक फटके तळहाताला लागत होते. ‘बघितलास? उसिरु,’ अण्णा म्हणाले आणि त्या पोरानं तो शब्द बरोबर उच्चारला. आजी ओसरीवर सुपात तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, ऐकलं आणि पोवारीत मुलाला काहीतरी विचारलं. व्याह्यांनी आम्हाला मराठीत सांगितलं, ‘ती विचारते, भंगारवाल्याला फोन केला का.’

फोन दुपारी झाला. पण तोवर बातमी गल्लीत गेली होती. शेजारच्या शेतातलं किर्लोस्करचं डिझेल इंजिन तेल टाकतंय म्हणून एक जण येऊन उभा राहिला. किर्लोस्कर नाव ऐकून अण्णांची कळी खुलली. लक्ष्मणरावांनी सायकलचं दुकान १८८८ साली बेळगावातच काढलं, तिथून ते १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला गेले, हे सगळं त्यांनी त्या शेतकऱ्याला बांधावरून चालता चालता हिंदीत ऐकवलं. हिंदी बेळगावची होती, पण त्याला समजली. इंजिनाचा ब्रीदर उघडला तर आत कुंभारमाशीनं चिखलाचं घर केलेलं, पक्कं, भाजल्यासारखं. अण्णांनी ते काडीनं कोरून काढलं, आतली पातळ चकती रॉकेलमध्ये धुतली, सुकवली आणि परत बसवली. पैसे घ्यायला तयार नाहीत म्हटल्यावर त्या माणसानं पाच किलो चिन्नौरची पिशवी आणून दिली.

परतीच्या गाडीत ती पिशवी बर्थखाली होती. बालाघाटजवळच्या भरवेलीला मँगनीजची भुयारी खाण आहे, ती बघायची राहिली याची अण्णांना हळहळ होती. ‘एवढ्या खोल माणसं उतरतात, त्यांना हवा कशी पोचवत असतील, ती नळी बघायची होती,’ असं ते वर्ध्यापर्यंत म्हणत होते. वर्ध्याला चहा आला आणि विषय बदलला.